चिखलाची साक्ष कोण देणार?

मराठीत काय आणि उर्दूत काय, चिखलाला इज्जत नाही. कुणाची बदनामी करायची असेल तर मराठीत चिखलफेक होते, उर्दूत कीचड उछाळला जातो. संकटात सापडलेला माणूस दलदलीत रुततो. वाईट संगतीत एखादा चांगला निघाला, तर तो चिखलातले कमळ. तिथेही कौतुक कमळाचेच होते, चिखलाचे नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी माणसे. दोन्ही भाषांतले वाक्प्रचार मुलांकडून पाठ करून घेतो. त्यांच्याबरोबर हा पक्षपातही नकळत पाठ होत असणार. आणि ज्याला भाषेत इज्जत नाही, त्याला दप्तरात तरी ती कुठून मिळणार? महसुली कागदांत अशा जमिनीला खार, खाजण, पडीक, पोटखराबा अशी नावे असतात. जी जमीन कुणाच्या कामाची नाही, ती कुणीही कशासाठीही घ्यावी, असा या नावांचा व्यवहारातला अर्थ होऊन बसला आहे.

अशा जमिनीच्या बाजूने बोलायला गेल्या काही वर्षांत मुंबई, ठाणे, नवी मुंबई, उरण या पट्ट्यात माणसे पुढे येत आहेत. त्यांना कुणी नेमलेले नाही आणि कुणी पगार देत नाही. सुट्टीच्या दिवशी ती कांदळवनातले प्लास्टिक उपसतात, पक्षी मोजतात, कुठे भराव पडला तर फोटो काढून तक्रार करतात, वेळ आली तर कोर्टात जातात. मराठीत त्यांना स्वयंसेवक म्हणतात. उर्दूत यासाठी 'रजाकार' हा शब्द आहे. मराठवाड्यात या शब्दाला जो इतिहास चिकटला आहे, त्यामुळे मराठी बोलताना तो आपण तोंडी आणत नाही. पण त्याचा मूळ अर्थ आपल्या राजीखुशीने काम करणारा, एवढाच आहे.

या माणसांचे खरे काम कोणते, आणि ज्यांच्या मोहल्ल्यात नळाला पुरेसे पाणी नाही त्यांनी या कामात का पडावे, असा दुहेरी प्रश्न आमच्यापुढे आहे. पालकसभेत पर्यावरणाचा विषय काढला की कुणी ना कुणी विचारतोच, "सर, आमची पोरे आधी जगू द्या, मग पक्ष्यांचे बघू." हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी हा चिखल काय चीज आहे ते पाहू. ठाण्याची खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब. एका अंगाला मुंबई, दुसऱ्या अंगाला नवी मुंबई. ओहोटी लागली की दोन्ही काठांना चिखलाची मैदाने उघडी पडतात. लांबून पाहणाऱ्याला ती ओसाड दिसतात. जवळ गेले तर निवट्या उड्या मारत असतात, चिंबोरीची बिळे दिसतात आणि मातीवर शेवाळाचा पातळ थर असतो. काठाने तिवर, कांदळ, चिपी यांचे रान. या चिखलात हवा शिरत नाही, म्हणून तिवराची मुळे श्वासासाठी जमिनीतून वर येतात आणि पेन्सिली रोवल्यासारखी उभी राहतात. मासे, कोळंबी, खेकडे यांची पिल्ले याच मुळांच्या आडोशाने वाढतात. भरतीचा आणि पावसाचा लोंढा इथे पसरतो आणि त्याचा जोर मोडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाणी पसरायला जागा न ठेवल्याची किंमत मुंबईने मोजली. त्यात सर्वांत जास्त कोणाच्या वस्त्या बुडतात, हे या वाचकांना सांगायला नको.

याच चिखलावर हिवाळ्यापासून पावसाळा तोंडावर येईपर्यंत रोहित पक्षी उतरतात. मोठा रोहित आणि लहान रोहित अशा त्यांच्या दोन जाती. चोच उलटी करून पाण्यातले शेवाळ आणि बारीक जीव गाळून खायची त्यांची रीत आहे. त्यांचा गुलाबी रंगही याच खाण्यातून येतो. शिवडीच्या चिखलात ते १९९०च्या दशकापासून दिसू लागले, आणि अलीकडच्या गणनांत खाडीतला त्यांचा आकडा लाखाच्या वर गेला. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पाणथळ जागांसाठी १९७१ मध्ये इराणमधील रामसर या गावी आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्या रामसर यादीत २०२२ मध्ये ठाण्याची खाडी आली. महाराष्ट्रात त्याआधी हा मान फक्त नांदूरमधमेश्वर आणि लोणारला मिळाला होता.

म्हणजे कागदोपत्री चिखलाला इज्जत मिळाली. मग स्वयंसेवकाचे काम काय उरले?

पहिले उत्तर साफसफाईचे आहे आणि ते सगळ्यांना पटते. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह या वकिलाने २०१५ च्या ऑक्टोबरात एका वृद्ध शेजाऱ्याला सोबत घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली. पुढे शेकडो लोक त्यांना येऊन मिळाले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने त्यांचा गौरव केला आणि २०१८ च्या मार्चमध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे गेली. हे पाहून मन भरून येते. पण त्या किनाऱ्यावर काम करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट पहिल्या महिन्यातच कळली असणार. आज उचललेल्या जागी उद्याच्या भरतीबरोबर नवा कचरा येतो. तेव्हा उचलणारा हात आपोआप प्रश्न विचारू लागतो. हे पाकीट कोणत्या कारखान्याचे? हा नाला कुठून येतो? हा माल परत घेण्याची जबाबदारी कोणाची? या प्रश्नांनंतर सफाई करणारा माणूस नुसता सफाई करणारा राहत नाही. त्याने पाहिले आहे, आणि म्हणून तो साक्षीदार झाला आहे.

आमच्या मते स्वयंसेवकाचे मुख्य काम हेच, साक्ष देण्याचे. झाडे लावणे, कचरा काढणे, रक्षण करणे ही कामे सरकारची आहेत आणि त्यासाठी आपण कर भरतो. ती कायमची आपल्या अंगावर घेतली, तर सरकार सुटते. पण पाहणे आणि पाहिलेले खरे सांगणे हे काम कुणाच्याही वतीने कंत्राटावर देता येत नाही. पाणथळ जागा एका दिवसात मारली जात नाही. आधी भरतीच्या पाण्याची वाट बुजते. मग तिवरे सुकतात. मग राडारोड्याचे दोन ट्रक रात्री रिकामे होतात. दोन वर्षांनी पाहणीला आलेला अधिकारी लिहितो, 'सदर जागा कोरडी आढळली.' तो खोटे लिहीत नाही, त्या दिवशी जागा कोरडीच असते. ती काल ओली होती, हे सांगणारा कुणी नसतो, एवढेच. ज्याच्या वहीत कालची तारीख आहे, तोच त्या चिखलाचा गवाह.

नवी मुंबईत हे घडताना दिसले. २०२४ च्या उन्हाळ्याआधी नेरूळच्या सुमारे ३० एकरांच्या तळ्यात भरतीचे पाणी येण्याचा मार्ग अडला, तळे आटत गेले आणि त्या सुमारास परिसरात काही रोहित मरून पडले. काठावर राहणारे नागरिक वर्षानुवर्षे त्या तळ्याचे फोटो काढत होते. त्यामुळे तळे कधी भरलेले होते आणि कधी आटले, हे तारखेनिशी दाखवता आले. तक्रारी झाल्या, राज्याने समिती नेमली आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हे तळे संवर्धन राखीव करण्यास मान्यता दिली. नेरूळच्याच दुसऱ्या पाणथळीवर गोल्फचे मैदान आणि इमारती उभारण्याची योजना होती. नागरिक कोर्टात गेले आणि २०१८ च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने ती रोखली. तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात याच उच्च न्यायालयाने कांदळवनाचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग, असे म्हटले होते. मुळात मुंबईच्या एका पर्यावरणवादी गटाची ती याचिका आणि २००५ मध्ये तिच्यावर मिळालेला अंतरिम आदेश, म्हणजे तेरा वर्षांचा हा धागा.

साक्ष देणे हे केवळ शिकलेल्या शहरी माणसांचे काम आहे असे मात्र कुणी समजू नये. खाडीचे पहिले साक्षीदार कोळी आणि आगरी. पाणी कुठून शिरते, कोणत्या महिन्यात कोणता मासा येतो, हे त्यांना पिढ्यांपासून ठाऊक आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाने उरण-पनवेल भागातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी रुपयांहून जास्त भरपाई देण्याचा आदेश दिला. बंदराच्या भरावाने आणि भरतीची वाट अडल्याने आमची मासेमारी बुडाली, अशी त्यांची तक्रार होती. तो निकालही पुढे वरच्या कोर्टात नेला गेला. पण या माणसांनी जे पाहिले ते अर्जात लिहिले आणि ते ऐकले गेले, ही गोष्ट लहान नाही.

इथे डॉ. सालिम अली यांची आठवण येते. १९३० मध्ये जर्मनीतून शिकून ते परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा रद्द झालेली होती. नोकरी नाही म्हणून ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तिथे सुगरण पक्ष्याकडे महिनोन्महिने पाहत बसले. सुगरणीचा नर एकामागून एक घरटी बांधतो आणि एकाहून अधिक माद्यांशी संसार करतो, हे त्या पाहण्यातून जगाला कळले. हे काम त्यांना कुणी दिले नव्हते. पुढे १९४५ मध्ये कच्छच्या मोठ्या रणात जाऊन त्यांनी रोहितांची वसाहत पाहिली आणि पाच लाखांच्या आसपास पक्षी असल्याचा अंदाज केला. रोहित आपले घरटे चिखलाचेच करतात. चिखलाचा लहानसा बुरूज, वर खोलगट वाटी, तिच्यात एक अंडे. ज्याला आपण घाण म्हणतो, त्यातच त्यांचे घर असते.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. घर हा शब्द आला आहेच.

आमच्या वर्गातली बरीच मुले ज्या वस्त्यांत राहतात, त्या कधीकाळी चिखलच होत्या. खाडी बुजवून झोपड्या बांधणारे हेच लोक, मग यांना पर्यावरणाचे काय, असे बोलणारे भेटतात. तेव्हा थोडा इतिहास सांगावा लागतो. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, मानखुर्दच्या जनता कॉलनीतून सुमारे ७० हजार माणसांना उठवले गेले, कारण ती जागा अणुसंशोधन केंद्राला हवी होती. त्यांना ट्रॉम्बेच्या खाडीकाठी दलदलीत नेऊन टाकले. तोच आजचा चिता कॅम्प. तिथल्या बायाबापड्यांनी आपल्या हातांनी माती टाकून पाय ठेवायला जागा केली. त्यांनी चिखल निवडला नव्हता. देवनारचा कचरा १९२७ पासून खाडीच्या काठी पडतो आहे आणि सांडपाणीही तिकडेच जाते. शहराला जे जे नकोसे झाले, ते ते खाडीकडे ढकलले गेले. त्यात कचरा होता, सांडपाणी होते आणि माणसेही होती.

दुसऱ्या बाजूने पाहा. मुंबई सात बेटांची होती आणि त्यांच्यामधले पाणी बुजवून ती एक झाली. वरळीचा बांध १७८४ चा. नरिमन पॉइंट समुद्रातल्या भरावावर उभा आहे, वांद्रे-कुर्ला संकुल मिठी नदीच्या दलदलीवर. त्याला कुणी अतिक्रमण म्हणत नाही. भराव एकच, पण बुजवणाऱ्याची ऐपत पाहून त्याचे नाव बदलते. म्हणून जो स्वयंसेवक झोपडीच्या भरावाविरुद्ध बोलतो आणि मोठ्या प्रकल्पापुढे गप्प बसतो, त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. साक्षीदाराने समोर कोण उभा आहे हे पाहून शब्द बदलायचे नसतात.

मात्र हा नियम आपल्यालाही लागू आहे. आपल्या वस्तीतला माणूस रात्री तिवरे तोडून चार खोल्या काढतो आणि गरजूला विकतो, तेव्हा तो आपला म्हणून आपणही गप्प बसतो. त्या खोलीत राहायला येणारा त्याहून गरीब असतो. पहिल्या मोठ्या पावसात पाणी त्याच्याच उंबऱ्यातून आत येते. अशा वेळी गप्प राहणे म्हणजे आपल्या माणसाला साथ देणे नाही. त्यात फसतो तो आपलाच माणूस.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने धारावीच्या पुनर्विकासासाठी कांजूर, भांडुप, मुलुंडकडची मिळून सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन देण्याचे मंजूर केले. धारावीतले जे रहिवासी अपात्र ठरतील, त्यांची घरे तिथे व्हावीत, असा बेत आहे. मिठासाठी माणसाने केलेल्या आगरांना २०१७ च्या केंद्रीय नियमांतील पाणथळीच्या व्याख्येतून वगळलेले आहे. म्हणजे यादीत न बसलेली माणसे व्याख्येत न बसलेल्या जमिनीवर जायची. चिता कॅम्पच्या घटनेला पन्नास वर्षे होत आली, तरी हिशेब तोच आहे. अशा वेळी नुसते 'मिठागरे वाचवा' म्हणणाऱ्याला या माणसांनी जायचे कुठे, हेही सांगावे लागेल. आणि नुसते 'गरिबाला घर द्या' म्हणणाऱ्याला तिथे उधाणाच्या भरतीत आणि मुसळधार पावसात काय होईल, हे सांगावे लागेल. दोघांनी अर्धे अर्धे खरे सांगितले, तर त्यातून पूर्ण न्याय होत नाही.

"आमची पोरे आधी जगू द्या" या वाक्याला आमचे उत्तर आहे ते असे. पोराचे जगणे आणि चिखलाचे जगणे हे दोन वेगळे खटले नाहीत. जमिनीला पडीक ठरवणारी आणि तिथे नेऊन टाकलेल्या माणसाला पडीक ठरवणारी नजर एकच आहे. चिखलाची किंमत आहे असे आपण सिद्ध करू, तेव्हा तिच्या काठावर राहणाऱ्याला पुराचे, कचऱ्याचे, धुराचे धनी का केले, हा प्रश्नही विचारता येईल.

साक्ष पूर्ण असावी, याचे आणखी एक कारण आहे. रोहितांचे थवे वाढले म्हणून खाडी सुधारली, असे आपण चटकन म्हणतो. जाणकार सांगतात की शहराच्या सांडपाण्यामुळे शेवाळ माजते आणि त्या खाण्यामुळेही पक्षी वाढलेले असू शकतात. म्हणजे जे दृश्य पाहून आपण टाळ्या वाजवतो, त्याच्या तळाशी आजार असू शकतो. २०२४ च्या मे महिन्यात घाटकोपरच्या आकाशात विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले. त्याच वर्षाच्या जानेवारीत शिवडीच्या चिखलावरून जाणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू वाहतुकीला खुला झालेला होता. या दोन गोष्टींचा संबंध घाईने जोडणारेही होते आणि घाईने तोडणारेही. साक्षीदाराने दोन्ही टाळावे. जे पाहिले ते सांगावे, जे पाहिले नाही ते सांगू नये.

बी. एड.च्या सराव पाठांच्या वेळी आमच्याकडे निरीक्षण वही असायची. त्यात 'पाठ चांगला झाला' असे लिहिलेले चालत नसे. शिक्षकाने किती प्रश्न विचारले, मागच्या बाकावरची किती मुले बोलली, फळ्यावर काय लिहिले, तेवढेच लिहायचे. त्या वेळी हे कंटाळवाणे वाटे. आता वाटते, की नीतीचे शिक्षण इथूनच सुरू व्हायला हवे. शाळांतले पर्यावरण प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात. त्यांत वाघाचे चित्र असते आणि खाली 'झाडे लावा, झाडे जगवा' असते. वाघ आपल्या मुलांनी पाहिलेला नाही. उधाणाच्या दिवशी गटारातून उलटे येणारे पाणी मात्र त्यांनी पाहिले आहे.

त्यांच्या घरी हिजरी महिन्यांचे कॅलेंडर असते. चांद दिसल्यानंतरच्या पहिल्या तारखांना आणि चौदाव्या-पंधराव्या तारखेच्या आसपास भरतीला जोर असतो. मुलांनी त्या तारखेपुढे एवढेच लिहावे, की आज पाणी कुठल्या खुणेपर्यंत आले, कोणता पक्षी दिसला, कुठे नवा भराव पडला. लिहिणाऱ्याला नाव मिळणार नाही, बक्षीस मिळणार नाही, कदाचित दहा वर्षे ती वही कुणी मागणारही नाही. पण एखाद्या दिवशी कुणी तिथे उभे राहून म्हणेल, की इथे पाणी कधी नव्हतेच आणि माणसेही कधी नव्हती. त्या दिवशी वस्तीतल्या एखाद्या मुलाने हिरवी वही उघडून तारीख दाखवावी, इतकीच आमची अपेक्षा आहे.